त्रिनिदादची साखर थांबली, तेव्हा काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅरिबियन बेटांवर पानभर लेख आला होता. छायाचित्रे सुरेख होती. पण 'या बेटांचे पोट पर्यटनावर चालते' हे त्यातले सरसकट विधान वाचून हे पत्र लिहायला बसलो. बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुसिया यांच्याबाबत ते बरोबर आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाला मात्र ते लागू पडत नाही. त्या देशाला लेखात जेमतेम चार ओळी मिळाल्या, त्याही कार्निव्हलमधल्या पिसांच्या पोशाखाखाली. सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाने कॅरिबियनमधला एकच देश समजून घ्यायचा ठरवला, तर तो हाच असावा असे मला मनापासून वाटते. तो देश ऊस पिकवून मोठा झाला आणि पुढे त्याने साखर बंद केली. त्यानंतर ऊस तोडणाऱ्यांचे, गाळणाऱ्यांचे आणि त्या जमिनीचे काय झाले, ही हकिकत आपल्या जिल्ह्याच्या फार जवळची आहे.

मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो, आता निवृत्त आहे. भाचा त्रिनिदादमध्ये मिथेनॉलच्या एका प्रकल्पात नोकरीला आहे. त्याच्याकडे राहून आलो. समुद्रकिनारे त्याने दाखवले, ते पाहिलेही. पण माझा जीव गुंतला तो बंद पडलेल्या साखर कारखान्यांत.

आधी देशाचा आकार सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. दोन्ही बेटे मिळून क्षेत्रफळ 5,130 चौरस किलोमीटरच्या आसपास. सोलापूर जिल्हा 14,895 चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. लोकसंख्येचेही तसेच. 2011 च्या जनगणनेत तिथे 13 लाख 28 हजार माणसे होती आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात 43 लाखांवर. टोबॅगो तर 300 चौरस किलोमीटरचे चिमुकले बेट. बाकी सगळे त्रिनिदाद. ते दक्षिण अमेरिकेला इतके खेटून आहे की मधली पारियाची खाडी एका ठिकाणी 11 किलोमीटरच रुंद उरते, पलीकडे व्हेनेझुएला. उत्तरेला डोंगररांग आहे. तिचे सर्वात उंच शिखर 940 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बऱ्याच गडांहून ठेंगणे, पण चढण दाट जंगलाची. मध्ये कारोनी नदीचे सपाट खोरे, काळी-चिकण जमीन. तिथेच ऊस होता. कॅरिबियनची ती प्रसिद्ध चक्रीवादळे बहुतेक वेळा या बेटाच्या उत्तरेकडून निघून जातात. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात. आपल्याकडे पाचशे-साडेपाचशे पडला तरी आपण पेढे वाटतो. तिथला ऊस पावसावर वाढायचा आणि जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत तोडला जायचा. आपण उजनीचे पाणी, बोअरचे पाणी, टँकरचे पाणी देऊन ऊस वाढवतो. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पाऊस फुकट असूनही तिथली साखर टिकली नाही.

माणसांविषयी लिहितो. 1797 मध्ये इंग्रजांनी हे बेट स्पेनकडून घेतले. उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. 1834 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, 1838 मध्ये ते लोक खऱ्या अर्थाने सुटले आणि मळे सोडून गेले. ज्या फडात आपल्या आई-बापांना फटके बसले त्या फडात कोण थांबेल? मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला पोहोचले. फेब्रुवारीत निघालेली माणसे मे महिन्याच्या शेवटी उतरली. 1917 पर्यंत अशी 1 लाख 40 हजारांहून अधिक माणसे तिथे नेली गेली. बहुतेक अवध आणि बिहारकडची, काही मद्रास बंदरातून गेलेली. आपली मराठी माणसे मॉरिशसला गेली, तिकडे जवळपास नाहीत. करार पाच वर्षांचा. मळा सोडून परवान्याशिवाय बाहेर फिरले तरी तुरुंग. राहायला लांबलचक बराकीतली एकेक खोली.

आपल्या जिल्ह्यात दर दिवाळीनंतर बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम आधी उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. आमच्या कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागी, बैलगाड्या रिकाम्या होताना मी वर्षानुवर्षे पाहिल्या. रात्रपाळीला जाताना पाचटाच्या कोप्यांमध्ये निजलेली लेकरे पाहिली. त्रिनिदादच्या बराकींची चित्रे बघताना माझ्या डोळ्यांपुढे त्या कोप्या आल्या. तो करार सरकारी कायद्याचा होता, आपली उचल तोंडी असते, एवढे अंतर आहे. फरक आणखीही एक आहे आणि तो आपल्या विरुद्ध जातो. तिथे कोण माणूस कुठल्या गावचा, कुठल्या जहाजातून आला, कुठल्या मळ्यावर गेला, याच्या नोंदी झाल्या. आजही तिथल्या घरांतली मुले त्या नोंदी शोधून पणजोबांचे गाव काढतात. आपल्या फडांत गेल्या हंगामात कोण कोण होते याची पूर्ण यादी जिल्ह्यात कुणाकडे आहे?

करार संपल्यावर परतीचा हक्क होता. पण 1869 नंतर परतीच्या भाड्याऐवजी सरकारी जमिनीचा तुकडा घेण्याची सोय झाली आणि पुष्कळ लोक तिथेच राहिले. भात लावला, गाई पाळल्या, स्वतःचा ऊस लावून कारखान्याला घालू लागले. आज देशात भारतीय वंशाचे 35 टक्के, आफ्रिकी वंशाचे 34 टक्के आणि मिश्र वंशाचे 23 टक्के लोक आहेत. दिवाळीला राष्ट्रीय सुटी असते, ईदला असते आणि 30 मे या दिवसालाही असते. चागुआनासच्या बाजारात सकाळी लोक 'डबल्स' खायला रांग लावतात. दोन मऊ वड्यांसारख्या पुऱ्या, ज्यांना ते 'बारा' म्हणतात, त्यात छोल्यांची पातळ उसळ. दालपुरी तर आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण शोभावी. भोजपुरी मात्र आता बोलण्यातून गेली, गाण्यांत उरली. मोहरमला तिथे ताजिये निघतात, त्यात हिंदूही चालत आले आहेत. सोलापूरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. 1884 मध्ये इंग्रज सरकारने या मिरवणुकीला शहरात येण्यास बंदी घातली. मळ्यांवरचे मजूर तरीही सान फर्नांडोकडे निघाले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. माणसे मेली. शोलापूरचा मार्शल लॉ आपण विसरलो नाही, तसे तेही ते विसरलेले नाहीत.

क्रिकेट आवडणाऱ्यांसाठी एवढेच. 1950 मध्ये इंग्लंडला लोळवणारा सॉनी रामाधीन हा याच उसाच्या पट्ट्यातला, वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. आणि 1971 मध्ये आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवले ते पोर्ट ऑफ स्पेनलाच. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि सुनील गावसकरांचे पदार्पण त्याच सामन्यातले.

वॉटरलू नावाच्या गावी भाचा मला घेऊन गेला. तिथे समुद्रात एक मंदिर आहे. शिवदास साधू नावाचा एक मळेमजूर होता. त्याने 1947 मध्ये किनाऱ्यावर मंदिर बांधायला घेतले. जागा निघाली साखर कंपनीच्या मालकीची. खटला झाला, त्याला तुरुंगात टाकले, मंदिर पाडले. सुटून आल्यावर त्याने ठरवले की जमिनीवर मालकी कंपनीची असेल, समुद्रावर तर कुणाची नाही ना. ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड, सिमेंट, माती नेऊन समुद्रात भराव घालायचा आणि त्यावर मंदिर उभारायचे. एकटा माणूस हे पंचवीस वर्षे करत राहिला. लोक वेडा म्हणाले. तो गेल्यावर लाटांनी मंदिर खचत गेले आणि भारतीयांच्या आगमनाला 150 वर्षे झाली तेव्हा, 1995 च्या सुमारास, सरकारने ते नीट बांधून दिले. आता भरतीच्या वेळीही बांधावरून चालत जाता येते. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या घाटावर एका कुटुंबाचा अंत्यविधी चालू होता. मी सोलापूरचा. तळ्यातल्या सिद्धेश्वराला लहानपणापासून प्रदक्षिणा घातलेला. सिद्धरामेश्वरांनी गावाला हाताशी धरून तळे खोदले, हे ऐकत वाढलेला. त्या मजुराचे मंदिर पाहून तिथेच बांधावर बराच वेळ बसून राहिलो.

आता साखरेचे. आपल्या वाचकांनी हा भाग सावकाश वाचावा ही विनंती.

तिथली साखर बरीच वर्षे 'टेट अँड लाइल' या इंग्लिश कंपनीच्या हातात होती. देश 1962 मध्ये स्वतंत्र झाला. 1970 मध्ये सरकारने निम्म्याहून अधिक वाटा घेतला आणि 1975 मध्ये सगळी कंपनी ताब्यात घेऊन 'कारोनी (1975) लिमिटेड' अशी सरकारी कंपनी केली. तिच्याकडे 75 हजार एकरांहून अधिक जमीन होती. छोट्या देशात एवढी जमीन म्हणजे राज्यच. ऊस, कारखाने, डिस्टिलरी, शिवाय भात, गुरे, लिंबूवर्गीय फळबागा. कामगारांची संघटनाही बलदंड. तिचे नेते बासदेव पांडे पुढे 1995 मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. भारतीय वंशाचा पहिला पंतप्रधान उसाच्या संघटनेतून आला, यावरून या पिकाचे वजन कळावे.

साखर विकली जायची युरोपला, 1975 च्या लोमे करारानुसार. ठरावीक टन, ठरलेल्या चढ्या भावाने. जागतिक बाजारापेक्षा तो भाव दुप्पट-तिप्पट असायचा. त्या भावामुळे खर्चाचे दुखणे झाकले गेले. एक टन साखर बनवायला जो खर्च येई, तो बाजारभावाहून कितीतरी जास्त. तोटा साठत गेला, सरकार भरत गेले. निवडणूक जवळ आली की कारखान्याला हात लावायची कुणाची छाती नसायची. इथे मला काही वेगळे सांगायची गरज नाही, आपल्या वाचकांना हे नाटक पाठ आहे. अखेर 2003 मध्ये कारोनी बंद केली. सुमारे 9 हजार कामगार एका झटक्यात घरी. ब्रेचिन कॅसलचा कारखाना थांबला. सेंट मॅडलिनचा जुना कारखाना, जो एके काळी ब्रिटिश साम्राज्यातल्या सर्वात मोठ्या कारखान्यांत गणला जाई, तो खासगी शेतकऱ्यांच्या उसावर आणखी काही हंगाम रेटला. मधल्या काळात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत युरोपविरुद्धचा खटला जिंकला. युरोपने 2006 पासून हमीभावात टप्प्याटप्प्याने 36 टक्के कपात केली. 2007 मध्ये सेंट मॅडलिनही बंद झाला आणि त्रिनिदादमधली साखर संपली. शेजारच्या सेंट किट्स बेटाने तर 2005 मध्येच शेवटचा ऊस गाळला होता.

ज्या खोऱ्यात मैलोन्‌मैल ऊस होता तिथे मी झुडपे वाढलेली पाहिली, मध्येच नवी घरे, मध्येच कुणी लावलेली भेंडी आणि मिरची. देश आता साखर बाहेरून आणतो. रम बनवायला लागणारी मळीही बाहेरून येते. कारोनीच्या डिस्टिलरीत पडून राहिलेली रमची जुनी पिंपे नंतर परदेशी व्यापाऱ्यांनी घेतली आणि तिच्या बाटल्या आज लिलावात अफाट किमतीला जातात. ती बनवणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी त्यातला पैसा गेला नाही.

भाच्याच्या घराजवळ एक म्हातारे गृहस्थ राहतात. ब्रेचिन कॅसलच्या बॉयलिंग हाऊसमध्ये पॅनमन, म्हणजे पाक उकळून साखरेचे दाणे पाडणारे कामगार, होते. मी केमिस्ट आहे कळल्यावर त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून पाकाची तार कशी बघायचे ते हवेतच करून दाखवले. अगदी तशीच आमच्या पॅनवरची माणसे बघायची. त्यांच्याकडून मी पुढचे ऐकले. नोकरी सोडताना रोख रक्कम मिळाली, ती बऱ्यापैकी होती. शिवाय प्रत्येकाला शेतीसाठी दोन एकरांचा पट्टा आणि घरासाठी एक तुकडा मिळेल असे ठरले होते. रोख रक्कम घरदुरुस्तीत, मुलांच्या शिक्षणात, एखाद्या जुन्या गाडीत गेली. जमिनीला मात्र वर्षे लागली. कागद तयार नाहीत, मोजणी नाही, रस्ता-पाणी नाही, सरकार बदलले की यादी बदलली, न्यायालयात जावे लागले. पट्टा हातात पडायच्या आधीच कितीतरी कामगार वारले. त्या गृहस्थांना कंपनी बंद केल्याचा राग नव्हता. तोटा त्यांनाही दिसत होता. राग होता तो बंद करायच्या आधी मोजणी का केली नाही याचा.

माझे वडील सोलापुरातल्या एका कापडगिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी, थकलेला पगार यांच्यासाठी किती फेऱ्या झाल्या ते मी घरात पाहिले आहे. चाळीतल्या बायकांनी मग विड्या वळल्या, शिवणयंत्रे घेतली, तेव्हा कुठे घरे चालली. म्हणून त्या म्हाताऱ्यांचे बोलणे मला परक्या देशातले वाटले नाही.

कुणी म्हणेल, त्रिनिदादला काय, तेल आहे. खरे आहे. बेटाच्या नैर्ऋत्येला ला ब्रे इथे डांबराचे नैसर्गिक तळे आहे, शंभर एकरांचे. त्यावर चालता येते. काही ठिकाणी पाय रुतू लागतो, काही ठिकाणी पावसाचे पाणी साचून कमळे फुललेली. 1595 मध्ये सर वॉल्टर रॅले याने त्या डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. 1908 पासून तेलाचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. नंतर समुद्रातला नैसर्गिक वायू सापडला. पॉइंट लिसास इथे, उसाच्याच जमिनीवर, मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिथे वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनते, आणि या दोन्हींच्या निर्यातीत एवढासा देश जगात पुढच्या रांगेत आहे. 1999 पासून द्रवरूप वायूही जहाजांनी जातो. निर्यातीचा बहुतांश पैसा यातून येतो. 2007 मध्ये, म्हणजे शेवटची साखर निघाली त्याच वर्षी, तेल-वायूच्या पैशातून पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी कायद्याने बाजूला काढायला त्यांनी सुरुवात केली. आज त्यात पाच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम आहे. साखरेचे चांगले दिवस होते तेव्हा असा निधी कुणी काढला नव्हता, हे तिथल्या लोकांनीच मला बोलून दाखवले.

पण वायूच्या कारखान्यात माणसे किती लागतात? भाच्याच्या प्रकल्पात एका पाळीला जेवढी माणसे असतात, तेवढी आमच्या एका गव्हाणीवर असायची. उसातून सुटलेली हजारो माणसे तिथे सामावणे शक्यच नव्हते. शिवाय 2010 च्या सुमारास वायूचे उत्पादन शिखरावर होते, तेव्हापासून ते उतरत आले आहे. पॉइंट-आ-पिएर इथली शंभर वर्षे जुनी तेलशुद्धीकरण रिफायनरी 2018 मध्ये बंद झाली आणि पुन्हा हजारो कामगार घरी बसले. आता देशाचे डोळे व्हेनेझुएलाच्या हद्दीतल्या वायूकडे लागलेले आहेत आणि त्याची किल्ली अमेरिकेच्या निर्बंधांमध्ये अडकली आहे. भाचाही मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना तो प्रकल्प किती वर्षे चालेल याचा हिशेब करतो.

दर ठरवणारे दुसऱ्याच गावी बसलेले असतात, हा भाग मला सर्वात जास्त छळतो. त्रिनिदादच्या उसाचा भाव ब्रुसेल्समध्ये ठरायचा. आपल्या साखरेचा किमान विक्री दर, निर्यातीची परवानगी, इथेनॉलचा भाव हे सगळे दिल्लीत ठरते. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने निर्बंध आले, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवल्या होत्या त्यांची काय गाळण उडाली ते जिल्ह्याने पाहिले. पुढे निर्बंध सैल झाले. पण राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला, तीसहून अधिक चिमण्यांचा हा जिल्हा एका कागदाने कसा हलतो, ते दिसले. त्यात पाणी. एका आडसाली, म्हणजे दीड वर्ष शेतात राहणाऱ्या, उसाला लागणारे पाणी आपल्या पावसाच्या चौपट-पाचपट. उजनी 117 टीएमसीची खरी, पण दुष्काळाच्या वर्षी ती वजा पातळीत जाते आणि शहरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते.

टोबॅगोत एक गोष्ट पाहिली. बेटाच्या मधोमध डोंगराचा कणा आहे, त्यावर दाट जंगल. 1776 मध्ये, जेव्हा उरलेले बेट मळ्यांसाठी तोडून साफ करणे चालू होते, तेव्हा तिथल्या विधिमंडळाने कायदा करून हे जंगल राखून ठेवले. कारण लेखी दिले होते की झाडे गेली तर पाऊस जाईल आणि पाऊस गेला तर मळे जातील. त्या मळेवाल्यांना गुलामांची दया नव्हती, जंगलावर प्रेमही नसेल. पण पाण्याचा हिशेब त्यांना कळला. ते जंगल आज अडीचशे वर्षांनी उभे आहे. 250 वर्षांपूर्वी साखरेसाठी का होईना, पाण्याचा कायदा झाला होता. आपण 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी जाताना पाहिले आणि त्यानंतरच्या वर्षांत ऊस वाढवला.

माझे म्हणणे ऊस बंद करा असे अजिबात नाही. माझे आयुष्य त्या वासात गेले आहे. मुलींची लग्ने, घर, आजारपणे, सगळे त्या पगारावर झाले. साखर कारखान्याने या जिल्ह्यातल्या गावांना शाळा दिल्या, रस्ते दिले, गरिबाच्या पोराला केमिस्ट केले. म्हणूनच, कारखाने चालू असतानाच, खिशात थोडेफार आहे तोवर हिशेब मांडावा असे मला वाटते. त्रिनिदादने बंद केल्यावर मोजणी सुरू केली, आपण चालू असताना करावी.

त्यासाठी आपल्या दैनिकाने पुढाकार घ्यावा. हंगाम सुरू झाला की गाळप किती, उतारा (उसातून निघालेली साखर) किती, एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) थकली किती, हे आकडे आपण नियमित छापता. शेतकऱ्यांच्या थकबाकीवर त्यामुळे वचक राहतो. तसेच दर हंगामाच्या शेवटी, जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याने, चालू असो, बंद असो वा भाड्याने दिलेला असो, कामगारांचा किती पगार, किती फंड आणि किती ग्रॅच्युइटी थकवली आहे याचा तक्ता छापावा. हे आकडे वार्षिक अहवालात आणि लेखापरीक्षणात असतात, फक्त ते शोधून काढावे लागतात. दुसरे, या हंगामात प्रत्येक कारखान्याच्या हद्दीत किती ऊसतोड कुटुंबे आली, त्यांच्यापैकी किती जणांची ऊसतोड कामगारांच्या महामंडळाकडे नोंद झाली, त्यांची किती मुले साखरशाळेत, म्हणजे हंगामापुरत्या शाळेत, बसली, ते तालुक्यानिहाय द्यावे. माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा, मोहोळ इथले आपले वार्ताहर फडांपर्यंत जातातच. ठिबकवर किती ऊस आला याचीही नोंद त्याच तक्त्यात बसेल.

आपण हे करायचे ठरवलेत तर अहवाल वाचून आकडे काढून देण्याचे काम मी करीन. माझ्याबरोबर या जिल्ह्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेले लेखा विभागातले आणि प्रयोगशाळेतले काही सहकारी आहेत, त्यांनी होकार दिला आहे. मोबदला नको. पुढच्या गाळपाची मोळी पडायच्या आत पहिला तक्ता तयार होऊ शकेल. कुठल्या कारखान्यांपासून सुरुवात करायची ते तेवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त साखर केमिस्ट,
जुळे सोलापूर
(नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सोबतच्या कागदावर दिला आहे. तो छापू नये.)